लोणंदची वाकळ आणि अकरा हजार टाके

दोस्तांनो, आज रात्री झोपताना एक गंमत करा. अंगावर घ्यायचं पांघरूण दिव्याखाली धरून नीट उलटसुलट पाहा. ते दुकानातून आणलेलं ब्लँकेट असेल, तर फार तर 'थंड पाण्यात धुवा' असं सांगणारी एक चिठ्ठी सापडेल. पण ती घरची गोधडी असेल ना, तर मग मज्जाच! एका कोपऱ्यात आईची कॉलेजातली साडी दिसेल. तिच्या शेजारी आजोबांचं धोतर. जरा पुढे ताईचा परकर. आणि मधोमध... अरेच्चा! हा तर आपलाच पहिलीतला शर्ट!

म्हणजे गोधडी हा एक प्रकारचा घरचा फोटो-अल्बमच की. फरक एवढाच, की अल्बम कपाटात राहतो आणि गोधडी आपल्या अंगावर!

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गोधडीला 'वाकळ' म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलं तर त्याच वस्तूचं नाव 'दुपटं'. नावं काहीही असोत, आत कुणाची तरी सुई शेकडो वेळा खालीवर फिरलेली असते. ती सुई फिरवणारे हात कसे असतात? त्यांचा दिवस कसा जातो? चला, आज ते पाहायला लोणंदला जाऊ.

कांद्याच्या गावात

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातलं गाव. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलात, की नीरा नदी लागते. ती ओलांडली की पुणे जिल्हा संपला आणि सातारा जिल्हा सुरू झाला. मग थोड्याच वेळात लोणंद स्टेशन. हे गाव कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात बाजार समितीत कांद्याचे ढीगच्या ढीग लागतात, गोण्या भरल्या जातात, दाभण आणि सुतळी घेऊन त्यांची तोंडं पटापट शिवली जातात.

पण आपल्याला दाभणवाल्यांकडे जायचं नाही. आपल्याला जायचंय सुईवालीकडे.

तिचं नाव? तिला आपण नुसतं 'आजी' म्हणू. खरं सांगायचं, तर ही एकच आजी नाही. लोणंदला, फलटणला, वाईला, माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर अशा कितीतरी आज्या आणि मावश्या वाकळा शिवतात. कुणी फक्त घरच्यांसाठी, तर कुणी चार पैसे घेऊन शेजारपाजारच्यांसाठी. त्या सगळ्यांचा मिळून एक दिवस, एक वर्ष आणि एक घर आज आपण पाहणार आहोत. त्या घराच्या ओसरीवर या, चपला बाहेर काढा, आणि हो, मांजरावर पाय देऊ नका!

आधी ऊन, मग सुई

सकाळचे आठ वाजलेत. झाडलोट झाली, चहा झाला, शेळीला पाला घालून झाला. अंगणातल्या दोरीवर धुतलेली जुनी लुगडी वाळत पडली आहेत. तुम्हांला वाटेल, जुनं कापड घेतलं आणि लावले टाके, झालं! पण आजी म्हणते,

"आरं लेकरा, ऊन दाखवल्याबिगर कापडाला सुई लावायची न्हाई."

आणि तिचं बरोबरच आहे. कापडात जराशी जरी ओल राहिली, तरी थरांच्या आत कुबट वास धरतो, बुरशी येते. एकदा का वाकळ शिवून झाली, की आतला थर पुन्हा कुणाला दिसत नाही. म्हणून जे काही करायचं ते आधीच. लुगडं स्वच्छ धुवायचं, कडकडीत वाळवायचं, काठ उसवून बाजूला काढायचे. काठ टाकून देत नाहीत बरं का! ते शेवटी वाकळीच्या चारी कडांना लागतात. कडेलाच ओढाताण जास्त होते आणि काठाचं कापड घट्ट विणीचं असतं. म्हणजे जिथं झीज जास्त, तिथं मजबूत कापड.

आता कापडाची परीक्षा. आजी एकेक तुकडा उजेडासमोर धरते. ज्यातून उजेड फार आरपार येतो, ते विरलेलं कापड. ते जातं आतल्या थरात. ज्याचा रंग अजून टिकून आहे, पोत घट्ट आहे, ते जातं वर. टेरिकॉटची पॅन्ट, नायलॉनची साडी असं काही आलं, की आजी नाक मुरडते. का? तर ते सुईखाली सरकतं आणि अंगाखाली घाम टिपत नाही. सुती कापड मात्र जितकं जुनं तितकं चांगलं. नव्या कापडाला खळ असते, ते कडक असतं. शंभर वेळा धुतलेलं लुगडं सायीसारखं मऊ होतं. तान्ह्या बाळाच्या अंगाला टोचू नये, म्हणून दुपट्यासाठी आजीचं किंवा पणजीचं जुनं लुगडंच का शोधतात, ते आता कळलं ना?

ओसरीवरचा नकाशा

दहाच्या सुमारास ओसरीवर पसारा मांडला जातो. जमीन स्वच्छ पुसून सर्वांत खालचा थर अंथरला, की चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. कुठं वरवंटा, कुठं अडकित्ता, कुठं नातवाचं दप्तर! त्यावर आतले थर: धोतराचे तुकडे, जुन्या चादरी, विरलेली लुगडी. एकावर एक असे पसरायचे, की कुठं उंचवटा नको आणि कुठं खड्डा नको. सगळ्यांत वर शोभेचा थर.

हा वरचा थर जुळवताना आजीचं डोकं कसं चालतं, ते पाहण्यासारखं असतं. हातात ना पट्टी, ना पेन्सिल. लाल खणाचा चौकोन मधे ठेवते, लांबून बघते, पुन्हा उचलते. निळ्याशेजारी निळं नको, हिरव्याशेजारी पिवळं हवं. एक तुकडा कमी पडला, तर दोन लहान जोडून घेते. तुम्ही वर्गात भूमितीची आकृती काढता ना, तसंच हे. फक्त इथं खोडरबर नाही.

आणि नेमक्या याच वेळी मनीबाई येतात! सगळे तुकडे जागच्या जागी लागले, की ही मांजर मधोमध येऊन गोल चक्कर मारते आणि मुटकुळं करून बसते. उठवलं, की दुसऱ्या कोपऱ्यात. तिचाही दोष नाही. मांजराच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते टिकवायला मऊ, ऊबदार जागा तिला फार आवडते. शिवाय त्या कापडांना घरच्या माणसांचा वास असतो.

पण एका बाबतीत आजी फार कडक आहे. दोऱ्याशी मनीला खेळू द्यायचं नाही. पाहायला गंमत वाटते, पण मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा जिभेला अडकला, की तिला तो थुंकता येत नाही. ती गिळतच जाते, आणि मग आतड्यात गुंता होऊन जिवावर बेतू शकतं. त्यातून दोऱ्याला सुई असली तर विचारायलाच नको. म्हणून संध्याकाळी काम थांबवताना आजी सुया मोजते. पाच काढल्या, पाच डबीत गेल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली, तरी घरातलं कुणीच ओसरीवर पाय टाकत नाही. नातू लोहचुंबक घेऊन येतो आणि शोध सुरू होतो!

करा बरं हिशोब!

थर लागले, की आधी लांब लांब कच्चे टाके. हे फक्त थर हलू नयेत म्हणून. नंतर ते काढून टाकायचे. मग खरं काम. टाका अगदी साधा, धावदोरा. सुई खाली, सुई वर. कडेपासून सुरुवात करायची, चौकोनात फिरत फिरत आत यायचं आणि शेवटी मधोमध पोचायचं.

टाका सोपा आहे. पण किती? चला, वही-पेन्सिल घ्या.

एक मोठी वाकळ समजा १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद आहे. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये बोटभर, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर अंतर. मग रुंदीत ओळी बसतील १२० भागिले २, म्हणजे ६०. प्रत्येक ओळ १८० सेंटिमीटरची. गुणाकार करा: १०,८०० सेंटिमीटर, म्हणजे १०८ मीटर शिवण! चौकोनात फिरत शिवलं तरी उत्तर जवळपास हेच येतं. पडताळून पाहा. आता एक टाका आणि त्याच्यापुढची जागा मिळून एक सेंटिमीटर धरा. झाले १०,८०० टाके. जवळजवळ अकरा हजार!

मिनिटाला बारा टाके पडले, तर ९०० मिनिटं. म्हणजे १५ तास. रोज तीन तास बसायचं म्हटलं, तरी नुसत्या शिवणीचे पाच दिवस. त्यात धुणं, वाळवणं, उसवणं, जुळवणं, कड लावणं हे धरलेलंच नाही. चार-पाच थरांतून सुई खेचायची, म्हणून बोटाला अंगुस्तान लागतं. तरीसुद्धा बोट दुखतं, मान आखडते, डोळ्यांना ताण पडतो. दुपारी ऊन कलेपर्यंतच शिवायचं, दिवेलागणीनंतर नाही, असा आजीचा नियम आहे.

आणि एवढं करून कुणी गिऱ्हाईक म्हणतं, "आजी, एवढ्या पैशात तर बाजारात ब्लँकेट येतं!"

आजी रागावत नाही. डोळे बारीक करून हसते आणि म्हणते, "मग ब्लँकेट घ्या की! पर त्यात तुमच्या आईचं लुगडं कुठनं येणार?"

दोस्तांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. हाताच्या कामाची किंमत करताना आपण कापडाची किंमत करतो आणि तासांची करायला विसरतो. पुढच्या वेळी कुणी हातानं केलेली वस्तू घेताना घासाघीस करू लागलं, तर हा पंधरा तासांचा हिशोब त्यांना सांगा. आईबाबांनासुद्धा!

ऊब येते कुठून?

आता एक प्रश्न. वाकळ काही शेगडीसारखी तापत नाही. मग ऊब येते कुठून?

ऊब आपल्याच अंगाची असते! आपलं शरीर सतत उष्णता बाहेर टाकत असतं. वाकळ तिला पळू देत नाही. कापडाच्या दोन थरांमध्ये हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. तीन-चार थर म्हणजे हवेच्याही दोन-तीन पातळ गाद्या. टाक्यांच्या ओळी या थरांना जागच्या जागी धरून ठेवतात. टाके नसते, तर धुतल्यावर आतली कापडं एका कोपऱ्यात गोळा झाली असती. आणि टाके फारच घट्ट ओढले, तर थर दबून हवेला जागाच उरली नसती. म्हणून आजी नातीला सांगते, "दोरा वढायचा, पर गळा आवळायचा न्हाई." विज्ञानाच्या पुस्तकातला धडा तिनं वाचलेला नाही. पण तो तिच्या बोटांना पाठ आहे.

पाव्हणे आले, पाव्हणे आले!

वाकळीचं वर्ष पाव्हण्यांप्रमाणे चालतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची नातवंडं येतात. आठ-दहा पोरं गच्चीवर ओळीनं झोपणार, म्हणजे अंथरायला तितक्या वाकळा हव्या. मग 'ही माझी', 'ती माझी' अशी भांडणं! जिच्यात आपला जुना फ्रॉक आहे ती वाकळ कुणी सोडायला तयार नसतं.

एखाद्या वर्षी लेक बाळंतपणाला माहेरी येते. मग बाकी सगळी कामं बाजूला आणि आधी दुपटी. एक नाही, चार-पाच. एक वाळत, एक ओलं, एक अंगाखाली... तान्ह्या बाळाचं काय सांगावं! ही दुपटी अगदी पातळ, दोन-तीन थरांची. काहींच्या मधोमध आजी उरलेल्या खणाची चिमणी नाहीतर चांदणी लावते.

आणि सगळ्यांत मोठे पाव्हणे येतात आषाढी एकादशीच्या आधी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते, तेव्हा नीरा नदीत पादुकांना स्नान घालून ती सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. मुक्कामाच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. घराघरांत वारकरी उतरतात. कुणाच्या ओसरीवर दहा, कुणाच्या पंधरा. पाऊस असतो, जमीन गार असते. मग काय? आजीच्या फडताळातल्या सगळ्या वाकळा बाहेर निघतात. जुनी, ठिगळ लावलेलीसुद्धा. ओळख ना पाळख, पण रात्री त्या वाकळीवर पाठ टेकून कुणी म्हातारबाबा म्हणतो, "माउली, घरच्यासारखी झोप लागली बघा." आजीला तेवढं पुरतं.

जगभरच्या वाकळा

वाकळ ही फक्त आपल्याकडेच असते का? अजिबात नाही! जिथं जिथं माणसानं कापड जपून वापरलं, तिथं तिथं हीच युक्ती सुचली. बंगालमध्ये कांथा आहे. जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानंच मासे, हत्ती, कमळं काढतात. बिहारमध्ये सुजनी, राजस्थान आणि सिंधकडे रल्ली, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आले. त्यांच्या बाया वाकळीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. त्याशिवाय वाकळ पुरी झाली असं त्या मानतच नाहीत.

पूर्वी बौद्ध भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, जोडून आपली चीवरं करत. आणि आपले गाडगेबाबा? अंगावर गोधडीसारखे ठिगळांचे कपडे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या या माणसानं धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. ठिगळाला कमी लेखणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर कोणतं?

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. इथले बहुतेक लोक गुलामगिरीत राबवलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. फार गरिबी. थंडीत घराच्या फटींतून वारा यायचा. तिथल्या बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या पॅन्टी, शर्ट, पोती यांच्या वाकळा शिवल्या. १९४२ साली मिझुरी पेटवे नावाच्या बाईंचा नवरा वारला. त्यांनी लेकीला मदतीला घेतलं आणि नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांचीच वाकळ शिवली. त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. गुडघ्यापाशी विटलेला रंग, खिशाच्या जागी उरलेला गडद चौकोन, सगळं तसंच ठेवलं. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत जीज बेंडच्या वाकळा भिंतीवर चित्रांसारख्या लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली!

जीज बेंड कुठं आणि लोणंद कुठं? पण आजीला ही गोष्ट सांगा. ती मुळीच आश्चर्य करणार नाही. म्हणेल, "व्हय, मीबी ह्यांच्या धोतराची केली की."

नवी कामं

आता आजीचं काम बदलतंय. गावोगाव शिवणयंत्र घेऊन गाड्या फिरतात आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या तासा-दोन तासांत शिवून देतात. त्या स्वस्त पडतात आणि त्यातही घरचं कापड कामी येतं, हे चांगलंच. हाताच्या वाकळीला मग नवीन जागा शोधावी लागते. कुणी बाळाच्या बारशाला भेट द्यायला दुपटं मागतं, कुणी पिशवी, कुणी सोफ्यावर टाकायला लहान वाकळ. आजीची नवी ऑर्डर तर मजेदार आहे. एका मुलाच्या आईनं पहिलीपासून दहावीपर्यंतचे त्याचे शाळेचे शर्ट जपून ठेवलेत. त्यांची वाकळ करायची! पहिलीचा शर्ट मधोमध, त्याच्याभोवती दुसरीचा, मग तिसरीचा... बाहेरची कड दहावीची. झाडाच्या खोडात वर्षांची कडी असतात ना, अगदी तशी.

पण एक अडचण मात्र खरी आहे. जुनी मऊ सुती लुगडी मिळेनाशी झाली आहेत. नऊवारी रोज नेसणाऱ्या आज्याच कमी होत चालल्या. आता घराघरांत ज्या साड्या साठतात, त्यांतल्या कितीतरी कृत्रिम धाग्याच्या. त्या दिसायला छान, पण वाकळीला तेवढ्या गुणाच्या नाहीत. कापडही आटतंय आणि शिवणारे हातही. शिकणार कोण?

ट्रंकेतलं लुगडं

आजीच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या तळाशी एक लुगडं आहे. गर्द निळं, इरकली, लाल काठाचं. आजीच्या आईचं. इतक्या वाकळा शिवल्या, पण या लुगड्याला तिनं कात्री लावली नाही. दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढायचं, हात फिरवायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचं.

एका दिवाळीला नववीतल्या नातीनं ते उचललं आणि घडी उलगडली. टर्रर्र! दोघीही दचकल्या. घडीच्या रेषेवर लुगडं सरळ फाटत गेलं होतं. नात रडवेली झाली.

"आजी, मी मुद्दाम नाही गं..."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं दुसऱ्या घडीवर बोट फिरवलं. तिथंही विरलं होतं. तिसऱ्याही. वर्षानुवर्षं कापड एकाच रेषेवर दुमडलं, की तिथले धागे कमजोर होतात. घड्यांच्या मधलं कापड मात्र अजून घट्ट होतं.

"तुझा दोष न्हाई बाय," आजी म्हणाली. "म्याच ठिवून ठिवून विरवलं. नेसलं असतं तर बरं झालं असतं."

आणि मग, इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते तिनं केलं. कात्री घेतलीच नाही. सुती कापड धाग्याच्या रेषेत हातानंही सरळ फाटतं. विरलेल्या घड्यांवरून तिनं ते फाडलं आणि मधले चांगले तुकडे बाजूला रचले. चौदा तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी ओसरीवर थर लागले. मनीबाई मधोमध येऊन बसल्या, त्यांना उठवलं. सुईत दोरा ओवून आजीनं ती नातीच्या हातात दिली.

"पयली ओळ तू घाल."

नातीची ओळ कशी असणार? वाकडी! एक टाका तांदळाएवढा, तर एक बोटाच्या पेराएवढा. दुपारी नात म्हणाली, "आजी, ही उसव, आणि तुझी छान सरळ घाल."

आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे तशीच. उद्या तुझ्या पोरीनं बघितलं, तर तिला कळाया नको का, आई कुठनं शिकली?"

ती वाकळ अजून पुरी झालेली नाही. सुट्टीच्या दिवशी दोघी बसतात. बाहेरची ओळ वाकडी आहे. तिसरी जरा बरी आहे. सातवीकडे पाहिलं, तर कोणती आजीची आणि कोणती नातीची, हे पटकन सांगता येणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरी कपाटाच्या तळाशी असं काही जपून ठेवलेलं आहे का? आजी-आजोबांना विचारा. ते कुणाचं, कधीचं, कुणी घेतलं, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि ते उलगडताना जरा सांभाळून हं!

करून पाहा: मनीचं आसन

घरात मांजर नसेल तर कुत्र्याचं, नाहीतर स्वतःचं आसन करा. मोठ्यांना शेजारी बसवूनच सुई हातात घ्या.

१. जुन्या सुती कापडाचे एक हात लांब, एक हात रुंद, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचे चार चौकोन कापा. कापायच्या आधी घरी विचारा! नाहीतर बाबांचा चालू शर्ट जायचा.

२. ते धुऊन कडक उन्हात वाळवा. एकावर एक नीट पसरा. चांगला तुकडा वर.

३. लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के करा.

४. कडा आत दुमडून त्यांवर शिवण घाला. मग बोटभर अंतरानं चौकोनात धावदोरा घालत मधोमध या. दोरा फार ओढू नका.

५. कच्चे टाके काढा. सुया मोजून डबीत ठेवा. लोंबणारा एकही दोरा ठेवू नका.

किती टाके पडले? वरच्यासारखाच हिशोब करा. साधारण एक हजार येतील. म्हणजे आजीच्या मोठ्या वाकळीचा अकरावा हिस्सा तुम्ही केलात. मनी त्यावर बसली, तर समजा पास झालात!